चिंगीसाठी भरलेली कॅसेट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. या घरात मला सगळे बिघडलेला म्हणतात. मित्रांनो, मी बिघडलेला नाही. माझी सहाही बटणं चालतात, मोटर फिरते, आतला रबरी पट्टा शाबूत आहे. तरी मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या पडद्यांच्या मागे पडून आहे. कपाट आवरताना कोणी ना कोणी म्हणतं, "हा तो बिघडलेला टेप ना? राहू दे तिथेच." मी गप्प बसतो. मला स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्यांचे आवाज सांभाळायचे एवढं एकच काम मला शिकवलं होतं, आणि तेही माझ्या हातून नीट झालं नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलं नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मी आकाराने एखाद्या जाडजूड शब्दकोशाएवढा आहे. पोटात कॅसेट ठेवायची खाच, पुढे बटणांची रांग आणि कोपऱ्यात बारीक छिद्रांची जाळी, तो माझा कान. कॅसेटमधली तपकिरी फीत माझ्या आतल्या दोन हेडसमोरून सरकत जाते. एक हेड आवाज लिहून घेतं आणि नंतर ऐकवतं. दुसऱ्याचं काम फक्त पुसायचं, आणि ते आधी लागतं. म्हणजे मी नवं काही लिहून घेतो तेव्हा त्या जागी जे असेल ते आधी पुसून टाकतो. ते कोणाचं होतं, ठेवायचं होतं की नव्हतं, हे मला कोणी विचारत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका मुलीने माझ्या आतल्या तारा जोडल्या आणि कानाशी बोट वाजवून मला ऐकू येतं का ते पाहिलं. मग खोक्यात बसून मी एका दुकानात आलो. तिथून मला एका माणसाने आपल्या धाकट्या बहिणीसाठी नेलं. बहीण शाळेत शिकवायची. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून येते, घरी निदान चार गाणी तरी ऐकेल, असा त्याचा विचार होता. बाईंनी माझ्यावर गाणं म्हणून कधी ऐकलं नाही.

हो, बाई. त्यांना शाळेत बाई म्हणायचे, गल्लीत बाई म्हणायचे, दूधवाला बाई म्हणायचा. म्हणून मीही बाईच म्हणतो. त्या भूगोल शिकवायच्या. त्यांच्या वर्गात एक वर्ष जवळच्या अंधशाळेतून एक मुलगी आली, शेवटच्या बाकावर बसायची. एकदा बाई सवयीने म्हणाल्या, "नकाशात बघा, नदी कुठून कुठे जाते ते." त्यावर ती मुलगी उभी राहिली आणि अगदी आदराने म्हणाली, "बाई, मी कुठे बघू?"

बाई त्या दिवशी घरी आल्या, पर्ससकट खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मग त्यांनी मला फळीवरून खाली काढलं, धूळ पुसली आणि आतल्या खोलीत नेलं. त्या खोलीत गाद्यांची चळत होती. गाद्या भिंतीला टेकून उभ्या केल्या, कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडली, म्हणजे आवाज घुमत नाही. दोन बोटांनी माझी दोन बटणं एकदम दाबली, लाल आणि त्याच्या शेजारचं. माझा लाल दिवा लागला. बाई म्हणाल्या, "पान पहिलं."

सव्वीस वर्षं मी ते शब्द ऐकत आलो. आधी भूगोल, मग इतिहास, विज्ञान, मग वरच्या वर्गांची पुस्तकं. पहाटे पाच ते साडेसहा, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी. त्या नुसतं वाचत नसत. "इथे नकाशा आहे. डावा हात पुढे कर, तळहात वर. हा तुझा देश. अंगठ्याकडे डोंगर. मनगटापासून मधल्या बोटाकडे उजव्या हाताचं बोट ओढ, सावकाश. ही नदी." पुढे कितीतरी मुलं परीक्षेला बसून आपल्याच तळहातावर बोट फिरवायची आणि पर्यवेक्षकांना वाटायचं, यांनी हातावर काहीतरी लिहून आणलंय. त्यांची समजूत घालायलाही बाईच जायच्या. रविवारी त्या या मुलांचे पेपर लिहून द्यायला बसायच्या. गल्लीतल्या पाच-सहा जणींना त्यांनी वाचायला तयार केलं. बहुतेकींचा उत्साह तिसऱ्या धड्यापर्यंत टिकला आणि उरलेले धडे पुन्हा बाईंच्या गळ्यात पडले.

कॅसेट कमी पडायच्या. मग लोक घरातल्या नको असलेल्या गाण्यांच्या कॅसेट आणून द्यायचे. अशा विकतच्या कॅसेटच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. ते भोक असलं की माझं लाल बटण दाबलंच जात नाही, म्हणजे तिच्यावर चुकूनही कोणी दुसरं काही भरू शकत नाही. पण भोकावर चिकटपट्टी लावली की मी फसतो. बाई एका बैठकीत चाळीस-चाळीस कॅसेटना चिकटपट्ट्या लावायच्या. वर्ष संपलं की मुलांनी कॅसेट परत करायच्या, पुढच्या वर्षी पुस्तक बदललं की त्याच फितीवर नवं पुस्तक. त्यांचा तो नियमच होता. बाईंचा गेल्या वर्षीचा आवाज मी पुसायचो आणि त्यावर यंदाचा लिहायचो. तेव्हा मला त्यात काही वाटत नसे. बाई होत्या ना. आवाज कुठे जाणार होता?

आता बाबांबद्दल. बाबा म्हणजे बाईंचे यजमान. ते टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचे आणि कागदाच्या धुळीने त्यांना कायमचा खोकला जडला होता. बाई वाचायला बसल्या की बाबांची नेमणूक बाहेर बोळकांडीत स्टुलावर. दारावरच्या घंटीला ते फडकं गुंडाळायचे, पंखा बंद करायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने गप्प करायचे.

"अहो, खोकायचं असेल तर आत्ताच काय ते खोकून घ्या," बाई म्हणायच्या. "दहाव्या पानावर खोकलात तर मला दहावं पान परत वाचावं लागतं."

बाबा मग आगाऊ खोकून घ्यायचे, चांगलं तीन-चार वेळा, अगदी गंभीरपणे. मला मात्र हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. एकदा त्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला होता, तेव्हापासून. "तुम्ही पत्रं सांभाळा, धडे मी सांभाळते," असं बाईंनी ठणकावलं होतं. भरलेला धडा बाई शाळेत मधल्या सुट्टीत कानाला लावून तपासायच्या. त्यामुळे घरात मी मोठ्याने बोललो असं कधी झालंच नाही. बाबांनी सव्वीस वर्षं दाराच्या फटीतून एकच गोष्ट पाहिली. बाई दोन बोटांनी दोन बटणं दाबतात, लाल दिवा लागतो, आणि मग बाईंचा आवाज सुरू होतो.

आणि चिंगी. ही त्यांची एकुलती एक मुलगी. आईचा आवाज सगळ्या गावाच्या पोरांना आणि हिला मात्र त्या वेळात आईला हाकसुद्धा मारायची बंदी. तिने त्यावर तोड काढली होती. ती चिठ्ठी लिहायची आणि दाराखालून आत सरकवायची. "भूक लागली." "बाबा गप्प बसलेत पण झोपलेत." "संपलं का?" बाई वाचता वाचता चिठ्ठी बघून मान हलवायच्या. माझ्या कितीतरी धड्यांत मध्येच कागद सरकल्याचा आवाज येत असे. तो चिंगीचा.

चिंगी नऊ वर्षांची असताना शाळेच्या नाटकात तिला घड्याळाचं काम मिळालं. छातीवर पुठ्ठ्याची मोठी तबकडी, दोन काटे, आणि बोलायला तीन वाक्यं. ती तीन वाक्यं तिने आठवडाभर इतक्या वेळा म्हटली की मलासुद्धा पाठ झाली होती. "आई, तू येणार ना?" "येणार म्हणजे? पहिल्या रांगेत बसणार." मी ऐकलं आहे ते, माझ्या शेजारीच बोलणं झालं होतं.

त्या दुपारी बाई म्हणाल्या, एवढा एक धडा संपवते आणि निघते. अंधशाळेच्या मुलांची दोन दिवसांवर परीक्षा होती. एक धडा संपला, त्याला लागून दुसरा होता. मी फिरत राहिलो. मित्रांनो, कॅसेटची बाजू संपली की माझं बटण आपोआप उडतं. त्या दिवशी ते चार वेळा उडालं आणि चारही वेळा बाईंनी कॅसेट उलटली किंवा बदलली. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि त्या चपला उलटसुलट घालून धावत बाहेर गेल्या. मला बंद करायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

आधी घरी आली चिंगी, बाबांचं बोट धरून. बाबा कचेरीतून परस्पर तिच्या शाळेत गेले होते. नाटक केव्हाच संपलं होतं आणि ती एकटीच फाटकाशी पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून होती, अंगावर घड्याळ तसंच. बाई त्यानंतर पंधरा मिनिटांनी आल्या. हातात दोन लिंबं होती. लिंबं आणायला गेले होते, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अगं, त्यांची परीक्षा होती गं."

"हो. कळलं," चिंगी म्हणाली.

त्यानंतर दाराखालून चिठ्ठी कधी आली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. ती आईशी नीट बोलायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. शिकली, औषधांच्या कारखान्यात तपासनीस झाली, दूरच्या शहरात राहायला गेली. सणासमारंभाला पाहुण्यासारखी येऊन जायची. बाईंच्या डोळ्यांत ते मला दिसायचं. पण लाल बटण दाबलं की त्या पुन्हा "पान पहिलं" म्हणायच्या आणि मी पुन्हा लिहून घ्यायचो.

मग बाईंच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं कमी करा. हे म्हणजे नदीला सांगण्यासारखं होतं. तरी पुढे पुढे एका पानाला त्यांना तीनदा थांबावं लागायचं. शेवटच्या पुस्तकाचे पाच धडे राहिलेच. त्याच सुमाराला अंधशाळेच्या वाचनालयात संगणक आला. तो स्वतःच पुस्तकं वाचतो म्हणे. कॅसेटना बुरशी धरली होती, त्या तिथल्या लोकांनी पोत्यांत भरून टाकून दिल्या. बाईंना हे कोणीतरी घाबरत घाबरत सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं. संगणकाला धाप लागत नाही."

एका दुपारी बाबा औषध आणायला बाहेर गेले होते. बाईंनी घरात उरलेली एकुलती एक कॅसेट काढली. जुनी गाण्यांचीच होती, पाठीवरच्या भोकाला चिकटपट्टी लावलेली. गाद्या उभ्या करायचं बळ नव्हतं. त्यांनी मला पांघरुणावर घेतलं, तोंडाशी धरलं आणि दोन बटणं दाबली. त्या अर्धा तास बोलल्या. त्या काय बोलल्या ते मी शेवटी सांगतो. ते सांगण्यासाठीच तर मी आज बोलायला बसलो आहे.

बोलून झाल्यावर त्यांनी कॅसेटवर शाईने लिहिलं, 'चिंगीसाठी'. बाबा आल्यावर म्हणाल्या, "चिंगी आली की दोघं मिळून ऐका." त्यानंतर अकरा दिवसांनी बाई गेल्या. चिंगी पोहोचली तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घर माणसांनी भरलं. कितीतरी जण काठी टेकत आले. त्यांत ती शेवटच्या बाकावरची मुलगीही होती. आता ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. तिने मला चाचपून ओळखलं, बटणांवरून बोट फिरवलं.

"ताई, बाईंच्या आवाजातली एखादी कॅसेट असेल का तुमच्याकडे?" तिने चिंगीला विचारलं. "कुठलाही धडा चालेल."

"तुमच्याकडेच असतील ना?"

"नाही हो. परत दे म्हणायच्या ना बाई. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला लागेल. मी सगळ्या मोजून परत केल्या."

तेव्हाचे फोन फक्त बोलण्यापुरते होते, त्यांत आवाज राहत नसे. चिंगीने त्या दिवशी घर उलटंपालटं केलं. अंधशाळेत फोन केला. सव्वीस वर्षांत हजारो तास बोललेल्या बाईचा आवाज जगात फक्त एका कॅसेटवर उरला होता, आणि ती माझ्या शेजारी ठेवलेली होती.

बाबांनी ती चिंगीपुढे धरली. "चल, ऐकू. दोघांनी ऐका म्हणाली होती."

चिंगीने हात मागे घेतला. "आत्ता नको, बाबा."

"अगं, तुझ्यासाठी भरलीय."

"म्हणूनच भीती वाटते. त्यातपण धडाच असला तर?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी कधी आठवत होते का तिला, हे मला ऐकायचंय, बाबा. ते त्यात नसलं तर पुढे काय करू मी? पुढच्या वेळी आले की ऐकू."

ती गेली. पुढची वेळ तीन महिने आली नाही. बाबा रोज माझ्यासमोर येऊन बसायचे. जेवायला एकाच ताटाची सवय त्यांना होत नव्हती. आणि एका दुपारी त्यांना राहवलं नाही.

मला तो दिवस विसरता येत नाही. त्यांनी आधी दारावरच्या घंटीला फडकं गुंडाळलं. पंखा बंद केला. आतल्या खोलीत गाद्या उभ्या केल्या, कपाटाची दारं उघडली. बाहेर जाऊन तीन-चार वेळा खोकून आले. कॅसेट माझ्या पोटात ठेवली, सुरुवातीपर्यंत गुंडाळलेली होतीच. मग त्यांनी बाईंसारखी दोन बोटं केली, आणि दोन्ही बटणं एकदम दाबली.

लाल दिवा लागला. बाबा समाधानाने मागे टेकले.

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर त्या क्षणी ओरडलो असतो. एकच बटण दाबायचं होतं हो, शेजारचं, एकटं. मी अडकून बसायचा प्रयत्न केला. जन्मभर धड चाललो होतो, त्या दिवशीही धडच चाललो. भोकावर चिकटपट्टी होती. पुसणारं हेड आधी, लिहिणारं मागाहून. बाईंचं एक एक वाक्य माझ्यासमोर आलं आणि माझ्याच आत नाहीसं झालं, आणि त्यांच्या जागी मी बाबांच्या खुर्चीची करकर लिहून घेतली. समोर तो म्हातारा माणूस कान देऊन बायकोच्या आवाजाची वाट बघत होता. अर्धा तास. बाजू संपली आणि माझं बटण उडालं.

बाबांनी चिंगीला फोन केला. "यंत्र बिघडलंय गं. दिवा लागतो, कॅसेट फिरते, पण आवाजच येत नाही. तू आलीस की दुरुस्तीला नेऊ. कॅसेट आतच राहू दिलीय, हलवली नाही."

चिंगी त्याच आठवड्यात आली आणि मला पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने मला उघडलं, फुंकर मारली, कापसाने दोन्ही हेड पुसली.

"मशीन ठणठणीत आहे, ताई. बघा, ऐकवतो." त्याने कॅसेट मागे गुंडाळली आणि एकच बटण दाबलं.

करकर. रस्त्यावरची सायकलची घंटी. आणि मग बाबांचा आवाज. "झालं का सुरू?" बराच वेळ काही नाही. "ऐकतोय मी." पुन्हा बराच वेळ. "अगं, जरा मोठ्याने बोल की. मला ऐकू येत नाहीये." चिंगी काउंटरला धरून उभी होती. दुकानदाराने बटणाकडे हात नेला, तिने तो अडवला. तिने पूर्ण अर्धा तास तिथे उभ्या उभ्या ऐकलं. शेवटी शेवटी बाबा म्हणत होते, "बघ, एकदाही खोकलो नाही." आणि मग, "बरं, दमली असशील. राहू दे."

"रेकॉर्डचं बटणपण दाबलं गेलं असणार," दुकानदार खाली बघत म्हणाला. "होतं असं पुष्कळांचं."

"खालचं परत आणता येतं?"

"नाही, ताई. एकदा वरून भरलं की गेलं."

चिंगी रडली नाही. तिने विचारलं, "आता याच्यावर कोणी काही भरू नये म्हणून काय करायचं?" दुकानदाराने कॅसेटची पाठ दाखवली. चिंगीने बाईंनी लावलेली चिकटपट्टी नखाने सोलून काढली.

घरी बाबा दारातच उभे होते. "झालं का दुरुस्त?"

आणि चिंगीने, जिने आयुष्यात एवढंतेवढंही खोटं सांगितलं नव्हतं, तिने सांगितलं, "पट्टा तुटलाय, बाबा. जुना आहे, मिळत नाही. शोधायला सांगितलाय."

"दुसऱ्या कोणाच्या टेपवर लावू की."

"दुसऱ्याचा काय भरवसा? फीत अडकून तुटली तर? याच्यावरच ऐकू."

"तेही खरं. तिलाही दुसऱ्याचं चाललं नसतं."

त्या दिवसापासून मी बिघडलेला आहे. बाईंनी मला कितीदा शाबासकी दिली होती. 'हा माझा खरा सहकारी' असं त्या शाळेत सांगायच्या. त्या शाबासक्यांचं हे झालं. पण मी तक्रार करत नाही. मी बिघडलेला राहिलो म्हणून तो माणूस आपल्या हातून काय झालं हे न कळता जगला. चिंगी बाबांना आपल्या घरी घेऊन आली, मलाही आणलं. चार वर्षं ते रोज विचारायचे, "पट्टा मिळाला का?" आणि ती म्हणायची, "शोधतायत, बाबा."

शेवटच्या आजारात ते एका सकाळी माझ्याकडे बघत पडून होते. चिंगी पाणी घेऊन आली.

"चिंगी, त्या दिवशी मी दोन्ही बटणं दाबली होती. ती दाबायची तशीच. बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं, बाबा."

"मग ठीक." त्यांनी डोळे मिटले. "पट्टा मिळाला की तू ऐक."

ते गेले आणि मी वरच्या फळीवर गेलो. कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. चिंगी ती लावत नाही. एकदा ऑपरेटरबाईंचा फोन आला होता, तेव्हा चिंगी कपाटासमोरच उभी राहून बोलत होती. त्यांनी त्या कॅसेटचं विचारलं असावं. चिंगी म्हणाली, "काय होतं त्यात, आता कोण सांगणार? धडाच असेल." असं म्हणून तिने कपाटाचं दार लावलं. मित्रांनो, तेव्हापासून मला या अंधारात चैन नाही.

धडा नव्हता तो. बाई म्हणाल्या होत्या, "पान पहिलं," आणि स्वतःच हसल्या, आणि हसताना त्यांना धाप लागली. "सवय गं चिंगी," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नाटकाला मी आले होते. उशिरा, पण आले होते. रस्त्याच्या पलीकडे उभी होते. तू पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसली होतीस. घड्याळाचा मोठा काटा निसटून खाली लोंबत होता आणि तू तो पुन्हा पुन्हा वर करून धरत होतीस. मला रस्ता ओलांडायची हिंमत झाली नाही. काय तोंड दाखवणार होते? मग बाबा आले. मी तशीच बाजारात गेले आणि काहीतरी हातात हवं म्हणून दोन लिंबं घेतली. सव्वीस वर्षं त्या पोरांना मी नद्या दाखवल्या, आणि तो एवढासा रस्ता मला ओलांडता आला नाही. तुझ्या चिठ्ठ्या मी सगळ्या ठेवल्या आहेत. भूगोलाच्या पहिल्या पुस्तकात आहेत, बघ." उरलेल्या वेळात त्यांनी चिठ्ठी न् चिठ्ठी वाचून दाखवली.

ते पुस्तक बाबांनी इतर पुस्तकांबरोबर एका शाळेला देऊन टाकलं होतं, न उघडता.

मी तुम्हांला काय शिकवणार? ज्याने पुसलं त्याने शिकवू नये. तरी सांगतो. तुमच्यासाठी कोणी आपला आवाज ठेवून गेलं असेल तर 'पुढच्या वेळी' म्हणू नका. आणि ज्यांना तुमच्यासाठी काही बोलायचं असेल त्यांना सांगा, "यंत्रापाशी बोलू नका, माझ्यापाशी बोला, मी इथेच बसलोय."

आणि एक काम करा माझं. औषधांच्या कारखान्यात तपासनीस असलेली, बोलायला नीट पण जरा तुटक, केस पांढरे होऊ लागलेली एक बाई तुम्हांला कुठे भेटली, तर तिच्याजवळ जाऊन एवढंच सांगा. कोणी सांगितलं ते सांगू नका, तिला खरं वाटणार नाही. सांगा, मोठा काटा निसटला होता आणि तू तो हाताने धरून बसली होतीस. हे रस्त्याच्या पलीकडून दिसत होतं.